डाव्या पायाने ठरवलेली कारकीर्द: राफाएल नदालचा खेळ कसा बदलत गेला

प्रश्न एका डावखुऱ्या, 13 वर्षांच्या मुलाच्या पालकांचा आहे. नदाल म्हणजे ताकद, दम आणि लाल माती, एवढंच का? इतक्या दुखापतींनंतर तो 22 ग्रँड स्लॅमपर्यंत पोचला कसा? आणि मुलाने त्याच्यातलं काय उचलावं?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो. ताकद आणि दम होताच, पण तेवढ्यावर कोणी 18 वर्षं सलग पहिल्या दहात टिकत नाही. 2005च्या एप्रिलपासून 2023च्या मार्चपर्यंत, सलग 912 आठवडे, नदाल जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात होता. या काळात त्याने सर्व्हिस बदलली, उभं राहण्याची जागा बदलली, रॅकेटचं वजन बदललं, सरावाचे तास कमी केले, प्रशिक्षक बदलला. यातले बरेच बदल शरीराने, विशेषतः डाव्या पावलातल्या एका छोट्या हाडाने, त्याच्यावर लादले. त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर विजेतेपदांच्या यादीपेक्षा या दुरुस्त्यांचा क्रम पाहिलेला बरा.

जन्म 3 जून 1986, स्पेनच्या मायोर्का बेटावरचं मानाकोर. एक काका, मिगेल आंखेल नदाल, बार्सिलोनाकडून खेळलेला फुटबॉलपटू. दुसरा काका टोनी, ज्याने चौथ्या वर्षापासून पुतण्याला टेनिस शिकवलं. टोनीने त्याला फायद्यासाठी उजव्याचा डावखुरा बनवलं, असं ठामपणे सांगितलं जातं. तसं घडलेलं नाही. लहानपणी नदाल फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही दोन्ही हातांनी मारायचा. फोरहँड एका हाताने मारायची वेळ आली तेव्हा चेंडूवर डावा हात जास्त चालतोय हे दिसलं आणि तो कायम झाला. लिहायला तो आजही उजवा हात वापरतो. याचा खरा फायदा लोक पाहतात तिथे नाहीच. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये डावखुऱ्या खेळाडूचा उजवा हात रॅकेट ढकलतो, आणि नदालचा तो हात मुळातच तरबेज. ऐन धावपळीत, पाय पूर्ण ताणलेला असताना त्याचा क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरक्या दिशेचा, बॅकहँड इतका जोरात कसा निघायचा, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. म्हणून तुमचा मुलगा लिहिण्या-जेवण्यात उजवा आणि खेळात डावा असेल तर त्यात ढवळाढवळ करू नका. आणि उजव्या मुलाला मारूनमुटकून डावखुरा तर मुळीच करू नका.

टोनीची शिकवण कडक होती. खराब चेंडू, खडबडीत कोर्ट, सराव संपल्यावर स्वतः माती झाडायची, रॅकेट आपटायची नाही. वीस वर्षांहून जास्त काळ व्यावसायिक टेनिस खेळून नदालने रागाच्या भरात एकही रॅकेट मोडली नाही. खराब चेंडूंमागे हिशेब होता: उसळी दर वेळी वेगळी आली की पायांना शेवटच्या क्षणी छोटी पावलं टाकून जागा दुरुस्त करावी लागते. मोठेपणी त्याचं पदलालित्य म्हणून ज्याचं कौतुक झालं ते हेच.

आता फोरहँड, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. पकड सेमी-वेस्टर्न, म्हणजे तळहात हँडलच्या खालच्या बाजूला सरकलेला, थोडी वेस्टर्नकडे (आणखी खाली) झुकलेली. रॅकेट चेंडूच्या बऱ्याच खालून येते आणि जवळजवळ उभी वर जाते. अनेकदा शेवट डोक्यावरून, चाबूक फिरवावा तसा त्याच डाव्या खांद्याकडे होतो. हा शेवट दिखाऊपणासाठी नव्हता. चेंडूशी गाठ उशिरा पडली किंवा चेंडू अंगाजवळ आला, तरी रॅकेट वर खेचून फिरत ठेवण्याची ती सोय होती. अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या मोजणीत त्याच्या फोरहँडवर चेंडू मिनिटाला सरासरी 3200 फेरे घेताना दिसला, कमाल 4900च्या आसपास. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी रॉजर फेडररची सरासरी साधारण 2500 ते 2700, आणि आधीच्या पिढीतले सॅम्प्रस-अगासी 1800 ते 1900. पुढच्या दिशेने फिरणाऱ्या चेंडूवर (हेच टॉपस्पिन) हवेचा दाब वरून खाली पडतो. त्यामुळे जाळीच्या बरंच वरून गेलेला चेंडूही बेसलाइनच्या आत कोसळतो आणि टप्पा पडल्यावर वर उसळतो. जाळी मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंच असते. तिच्यावर मीटरभर जागा ठेवून पूर्ण जोराने मारता येणं म्हणजे जोखीम न वाढवता जोर वाढवणं. नदालच्या फटक्यांत चुका कमी का, याचं कारण हेच.

हा चेंडू डावखुऱ्याच्या हातून आला की भूमितीही त्याच्या बाजूने होते. नदालचा क्रॉसकोर्ट फोरहँड उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला जातो, आणि एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याला तो खांद्याच्या वर खेळावा लागतो. तिथे हाताला जोर नसतो. फेडरर वर्षानुवर्षं तिथेच अडकला: मातीवरच्या 16 सामन्यांत 14 वेळा नदाल जिंकला. एकूण हिशेब 24-16 असला तरी हार्ड कोर्टवर फेडरर 11-9 असा पुढे आहे, ग्रासवर 3-1. म्हणजे ‘नदाल फेडररला भारी’ हे विधान उसळीच्या उंचीवर अवलंबून आहे.

सर्व्हिसचंही तसंच. अ‍ॅड कोर्टवरून, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याच्या डाव्या बाजूने, डावखुऱ्याची स्लाइस (चेंडू कडेने कापत मारलेली) सर्व्हिस उजव्या खेळाडूच्या बॅकहँडपासून बाहेर पळते. मोजून पाहा: 40-30, 30-40 आणि अ‍ॅडव्हांटेज, हे सगळे गुण अ‍ॅड बाजूलाच खेळले जातात. डावखुऱ्याची सर्वात सोयीची सर्व्हिस अशी ऐन निकडीच्या गुणांना हाताशी येते. 15-40 मात्र ड्यूस, म्हणजे उजव्या, बाजूला असतो. त्यामुळे फक्त अ‍ॅड बाजूची सर्व्हिस घोटणारा डावखुरा मुलगा 15-40ला उघडा पडतो. हे आपल्याकडे फार दिसतं.

माती त्याला का मानवली, हे कोर्टच्या थरांत आहे. पॅरिसच्या रोलाँ गॅरोवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, दिसणारा लाल रंग म्हणजे विटांच्या भुकटीचा जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरचा थर. त्याखाली 6 ते 7 सेंटिमीटर चुनखडीचा चुरा, मग कोळशाची राख-खडी, मग दगडी खडी. वरची भुकटी चेंडूला धरून ठेवते, घर्षण वाढतं, पुढचा वेग घटतो आणि टॉपस्पिन चेंडूला वर फेकतं. शिवाय पॅरिसच्या मुख्य कोर्टमागे मोकळी जागा भरपूर. सर्व्हिस परतवायला नदाल बेसलाइनच्या चार-पाच मीटर मागे उभा राहायचा, चेंडू उसळून खाली येऊ द्यायचा आणि पूर्ण फटका मारायचा. छोट्या कोर्टवर हे जमत नाही, पाठीला जाहिरातीची पाटी लागते.

परिणाम आकड्यांत पाहा. रोलाँ गॅरोवर 112 विजय, 4 पराभव, 14 विजेतेपदं. 2005च्या एप्रिलपासून मातीवर सलग 81 सामने जिंकले. ती साखळी 20 मे 2007ला हॅम्बुर्गच्या अंतिम सामन्यात फेडररने तोडली. मोंटे कार्लो 11 वेळा, बार्सिलोना 12, रोम 10. मातीवरच्या माद्रिदमध्ये मात्र चारच. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच आहे. विरळ हवेत चेंडू वेगाने पळतो, टॉपस्पिनला हवेची पकड कमी मिळते आणि सपाट मारणाऱ्यांना फावतं. माती तीच, माणूस तोच, पण फक्त उंची बदलली की विजेतेपदं अशी घटतात.

आता पाय. 2004च्या मोसमात डाव्या घोट्याच्या हाडाला तडा गेला आणि पॅरिस हुकलं. त्याआधी मार्चमध्ये, 17 वर्षांचा असताना, त्याने मायामीत अव्वल क्रमांकाच्या फेडररला 6-3, 6-3 हरवलं होतं. डिसेंबरात सेव्हियातल्या डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत रॉडिकलाही. 2005मध्ये तो पहिल्यांदाच रोलाँ गॅरो खेळला आणि जिंकला. उपांत्य सामन्यात फेडररला हरवलं तो दिवस त्याच्या 19व्या वाढदिवसाचा. त्या वर्षी 11 विजेतेपदं मिळाली. शेवटचं ऑक्टोबरात माद्रिदच्या इनडोअर हार्ड कोर्टवर, ल्युबिचिचविरुद्ध पहिले दोन सेट गमावून पाच सेटमध्ये. त्यानंतर पाऊल इतकं दुखायला लागलं की वर्षअखेरची मास्टर्स कप आणि 2006ची ऑस्ट्रेलियन ओपन दोन्ही सोडाव्या लागल्या.

निदान झालं म्युलर-वाइस सिंड्रोम. पावलाच्या कमानीत नावेच्या आकाराचं एक हाड असतं, नॅव्हिक्युलर. या आजारात त्याच्या बाहेरच्या भागाचा रक्तपुरवठा तुटपुंजा पडतो, हाड दबतं, तडकतं आणि हळूहळू चपटं होतं. सहसा हा आजार चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांमध्ये दिसतो. 19 वर्षांच्या खेळाडूत तो सापडणं विरळा. लहानपणी हाड पुरतं पक्कं होण्याआधी त्यावर पडलेला जादा भार हे एक कारण मानतात. पूर्ण बरं करणारा इलाज नाही. भार दुसरीकडे वळवायचा, एवढंच हाती असतं. त्याचे डॉक्टर आंखेल रुइझ-कोतोर्रो आणि बूट बनवणाऱ्यांनी मिळून बुटाचा खास तळवा तयार केला, ज्याने पावलातला भाराचा बिंदू सरकला.

इथेच पुढच्या 15 वर्षांचा कच्चा आराखडा ठरला. पावलावरचा भार सरकवला की तो नाहीसा होत नाही, गुडघ्याकडे, कंबरेकडे, पाठीकडे जातो. 2009ला गुडघ्यांच्या स्नायुबंधांना सूज आली आणि विम्बल्डन सोडावं लागलं. 2012च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत रोसोलकडून हरल्यावर पुन्हा गुडघा, आणि सात महिने विश्रांती. 2014ला ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यात वावरिंकाविरुद्ध पाठ धरली. प्रत्येक बिघाडामागे थेट तोच तळवा होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण त्याच्या दुखापतींना निव्वळ ‘अति जोराने खेळतो म्हणून’ असं म्हणून मोकळं होणं अर्धवट आहे.

पाय झिजवणारा खेळ आणि झिजलेला पाय, यातून वाट एकच: रॅली, म्हणजे एका गुणासाठी चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, लहान करायची. पहिली मोठी दुरुस्ती ग्रासवर झाली. 2006 आणि 2007 अशा दोन विम्बल्डन अंतिम सामन्यांत फेडररकडून हरल्यावर 2008ला तो बेसलाइनच्या जवळ उभा राहू लागला, बॅकहँड स्लाइस वापरू लागला आणि फोरहँड थोडा सपाट मारू लागला. त्या वर्षी आधी क्वीन्स क्लब, मग विम्बल्डन: 6-4, 6-4, 6-7, 6-7, 9-7, चार तास 48 मिनिटं. 18 ऑगस्ट 2008ला तो पहिल्यांदा अव्वल झाला. त्याआधी सलग 160 आठवडे तो दुसऱ्या क्रमांकावर बसून होता. दुसऱ्या क्रमांकावर इतका वेळ कोणाला काढावा लागलेला नाही.

याच वर्षाची सुरुवात चेन्नईला झाली होती, आणि दमाच्या गोष्टीत ती आठवण ठेवावी. उपांत्य सामन्यात त्याने कार्लोस मोयाला (पुढे हाच त्याचा प्रशिक्षक झाला) तीन तास 54 मिनिटांत, तिन्ही सेट टायब्रेकला नेऊन हरवलं. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात यूझ्नीने त्याला 6-0, 6-1 असं उडवलं. नदालचाही दम अखंड नव्हता. 21व्या वर्षीही एका रात्रीत त्याचे पाय सावरले नाहीत. (हीच स्पर्धा 2018पासून 2023पर्यंत पुण्याला बालेवाडीत खेळली गेली. नदाल तिथे आला नाही हे आपलं दुर्दैव.)

दुसरी दुरुस्ती सर्व्हिसची. 2010च्या अमेरिकन ओपनआधी त्याने सर्व्हिसची पकड किंचित कॉन्टिनेन्टलकडे, म्हणजे हातोडी धरतात तशा पकडीकडे, सरकवली. वेग ताशी 217 किलोमीटरपर्यंत गेला आणि पूर्ण स्पर्धेत त्याची सर्व्हिस पाचच वेळा तुटली, म्हणजे सर्व्हिसचे पाचच गेम त्याने गमावले. त्या वर्षी पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्क तिन्ही जिंकली. पुढे तो वेग त्याने तसाच ठेवला नाही. जोर लावला की खांदा आणि पोटाचे स्नायू बोलू लागतात, शिवाय त्याला हवी असलेली स्लाइसची वळणं कमी होतात. वेग आणि वळण यांच्यातली ही ओढाताण शेवटपर्यंत राहिली.

मग सर्बियाचा नोव्हाक जोकोविच. 2011 ते 2012च्या सुरुवातीपर्यंत नदाल त्याच्याकडून सलग सात अंतिम सामने हरला. त्यात माद्रिद आणि रोम मातीवरचे, आणि शेवटचा मेलबर्नचा पाच तास 53 मिनिटांचा. फेडररला छळणारा उंच चेंडू जोकोविच दोन हातांनी, खांद्याच्या उंचीवर, चेंडू वर येत असतानाच मारायचा. शिवाय तो सरळ रेषेत परतवायचा, म्हणजे डाव्या कोपऱ्यात फोरहँडसाठी गेलेल्या नदालच्या उजव्या हाताला, मोकळ्या जागेत. जो डाव हजारदा चालला तोच उलटला होता. नदालने उपाय शोधला तो दिशेत: फोरहँड नेहमी क्रॉसकोर्ट न मारता सरळ रेषेत, लवकर आणि सपाट. गुडघ्यामुळे सात महिने बाहेर बसून तो फेब्रुवारी 2013ला चिलीतल्या विन्या देल मारच्या छोट्या स्पर्धेत परतला आणि अंतिम सामन्यात झेबायोसकडून हरला. त्याच वर्षी पुढे 75 विजय, 7 पराभव, 10 विजेतेपदं. पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जोकोविचला पाचव्या सेटमध्ये 9-7, आणि अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यातही त्याच्यावर मात. पुनरागमनासाठी मोठी स्पर्धा न निवडता खालच्या दर्जाची माती निवडणं, हा निर्णय मला त्या वर्षीच्या कोणत्याही फटक्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

रॅकेटबद्दल फार अफवा आहेत, म्हणून थोडक्यात. बाबोलाची एरोप्रो ड्राइव्ह, डोकं 100 चौरस इंच, 16 उभ्या आणि 19 आडव्या तारा. रंग दरवर्षी नवा असला तरी साचा वर्षानुवर्षं जुनाच. हँडलचा आकार 2, म्हणजे त्याच्या उंचीच्या माणसासाठी बारीक, कारण मनगट मोकळं फिरायला हवं. तारा 2010पासून आरपीएम ब्लास्ट या पॉलिएस्टरच्या, जाडी 1.35 मिलिमीटर, ताण 55 पौंड, म्हणजे 25 किलो. हवामान बदललं तरी तो ताण सहसा बदलत नसे. तरुणपणी वेग मनगटातून आणि पायांतून यायचा. वय वाढल्यावर त्याने रॅकेटच्या टोकाला शिसं वाढवलं. टोक जड झालं की तेवढ्याच हालचालीत चेंडूला जास्त धक्का मिळतो, पण रॅकेट फिरवायला खांदा जास्त राबतो. पायांची बचत करायची तर किंमत अशी दुसरीकडे मोजावी लागते.

तिसरी दुरुस्ती 2016 संपताना. मनगटाच्या दुखण्याने त्या वर्षी पॅरिसमधून तिसऱ्या फेरीआधीच माघार घेतली होती. आदल्या वर्षी अमेरिकन ओपनमध्ये दोन सेट पुढे असून फोन्यिनीकडून हार झाली होती. डिसेंबरात कार्लोस मोया टोनीच्या जोडीला आला, आणि 2017चा मोसम संपल्यावर टोनी बाजूला झाला. मोयाने सरावाचे तास कमी केले आणि सर्व्हिस अधिक पहिला फटका या जोडीवर भर दिला: सर्व्हिस बाहेर, आणि आलेला तोकडा चेंडू फोरहँडने लगेच उघड्या बाजूला. दुसरी सर्व्हिस जोरात झाली. 2019च्या ऑस्ट्रेलियन ओपनआधी सर्व्हिसची हालचाल आणखी बदलली, शरीराचं वजन कोर्टच्या आत जास्त जाऊ लागलं. मधल्या 2017मध्ये पॅरिस एकही सेट न गमावता जिंकलं, सगळ्या स्पर्धेत फक्त 35 गेम देऊन. मेलबर्नमध्ये मात्र फेडररने 97 चौरस इंचांच्या मोठ्या रॅकेटने, बॅकहँड वर येणाऱ्या चेंडूवरच सपाट मारून जुनं कोडं सोडवलं होतं. म्हणजे समोरचाही दुरुस्त्या करत होता.

उतारवयात त्याला चेंडू कितपत वाचता येत होता, याचा नमुना म्हणजे 2020चं पॅरिस. साथीमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली. थंडी, ओलसर जड माती, नवे विल्सन चेंडू, ज्यांच्याबद्दल त्याने स्वतः नाराजी सांगितली. उसळी खाली राहणार म्हणून अनेकांनी जोकोविचच्या बाजूने कौल दिला होता. अंतिम सामना 6-0, 6-2, 7-5. नदालने उंच उसळीचा हट्ट सोडला, फोरहँड सरळ रेषेत आणि खोल मारले, बॅकहँडने जागा बदलल्या. टॉपस्पिन नसलेला नदालही जिंकू शकतो हे त्या दिवशी दिसलं.

2021च्या उत्तरार्धात पाऊल पुन्हा बिघडलं. वॉशिंग्टननंतर मोसम संपला, कुबड्या आल्या. पाच महिन्यांनी मेलबर्नमध्ये मेद्वेदेवविरुद्ध तो दोन सेट मागे आणि तिसऱ्यात 2-3, 0-40 असा होता, तिथून पाच तास 24 मिनिटांनी जिंकला. मे महिन्यात रोममध्ये लंगडत हरला. त्यानंतर पॅरिसमध्ये प्रत्येक सामन्याआधी पावलाच्या नसांत बधिर करणारं इंजेक्शन घेऊन खेळला. पाय जणू झोपलेला असायचा, पण पायाला जमीन जाणवत नसताना मातीवर घसरून थांबणं म्हणजे घोटा मुरगळण्याला आमंत्रण. अंतिम सामन्यात रूडला 6-3, 6-3, 6-0 हरवून त्याने 14वं विजेतेपद घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की असं पुन्हा खेळणार नाही. नंतर नसांवर रेडिओलहरींचा उपचार झाला. विम्बल्डनमध्ये पोटाचा स्नायू सात मिलिमीटर फाटला तरी फ्रिट्झला हरवलं, आणि किर्गियोसविरुद्धचा उपांत्य सामना सोडला. जानेवारी 2023ला कंबरेचा स्नायू गेला, जूनमध्ये शस्त्रक्रिया. 2024ला पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत झ्वेरेवने हरवलं. रोलाँ गॅरोवरच्या त्या चार पराभवांतले बाकीचे: 2009 सोदरलिंग, 2015 आणि 2021 जोकोविच. 19 नोव्हेंबर 2024ला मालागात, डेव्हिस कपमध्ये व्हान द झांडस्खल्पकडून हरून तो थांबला. हिशेब: 92 विजेतेपदं, त्यातली 63 मातीवर, 1080 विजय, 228 पराभव, 209 आठवडे अव्वल. 2008चं एकेरीतलं ऑलिंपिक सुवर्ण आणि 2016ला मार्क लोपेझबरोबर दुहेरीचं.

आता मुलाकडे. बाटल्यांची रांग, रेषा न तुडवणं, कान-नाक चाचपणं हे मुलं आधी उचलतात. ते सोडून द्या. त्याला त्याचा उपयोग झाला, पण दोन गुणांमधल्या 25 सेकंदांच्या घड्याळात तुमचा मुलगा गुण गमावेल.

पहिली गोष्ट तारांची. 13 वर्षांच्या हाताला 55 पौंडांवर ताणलेली पॉलिएस्टर तार देणं म्हणजे कोपराचं दुखणं विकत घेणं. मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट अशा मऊ तारा, 48 ते 52 पौंड, आणि रॅकेट 255 ते 275 ग्रॅमची. पॉलिएस्टर 15-16 वयानंतर, तेही 45-48 पौंडांवर. ती तुटेपर्यंत थांबू नका. 10-15 तास खेळल्यावर तिची लवचीकता जाते, तार शाबूत दिसते आणि धक्का सरळ हातात येतो. पालक तार तुटली नाही म्हणून खूश असतात, तिथेच कोपर बिघडतं.

दुसरी, टॉपस्पिन. जाळीच्या दोन्ही खांबांना काठ्या बांधून जमिनीपासून साधारण 1.9 मीटरवर दोरी ताणा. चेंडू दोरीवरून जावा आणि सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे जाळीपासून 6.40 मीटरच्या, पलीकडे पडावा. 20-20 चेंडूंचे चार फेरे पुरेत. चेंडू दोरीवरून जाऊन तोकडा पडत असेल तर मुलगा नुसता घासतोय, वजन पुढे जात नाही: पुढच्या पायावर येऊन मारायला सांगा. चेंडू लांब जात असेल तर रॅकेटचं तोंड उघडं आहे. डोक्यावरून जाणारा तो चाबकी शेवट मुद्दाम शिकवू नका. चेंडू उशिरा लागला की तो आपोआप येतो, आणि रोज येत असेल तर पाय उशिरा पोचताहेत.

तिसरी, सर्व्हिस. अ‍ॅड बाजूची बाहेर जाणारी स्लाइस डावखुऱ्याला आवडतेच. तिच्याइतकेच चेंडू ड्यूस बाजूला टी वर (मधली रेषा सर्व्हिस लाइनला मिळते तिथे) आणि समोरच्याच्या अंगावर मारायला लावा, आणि सरावातला प्रत्येक गेम 15-40 पासून सुरू करा.

चौथी सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्याकडे ती सर्वांत दुर्लक्षित आहे. आपल्या बहुतेक स्पर्धा हार्ड कोर्टवर होतात. मातीवर पाय घसरून थांबतो, हार्ड कोर्टवर जागच्या जागी अडकतो आणि सगळा धक्का पावलाच्या कमानीत जातो. 13-14 वर्षांचं मूल रोज तीन तास हार्ड कोर्टवर खेळत असेल तर आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, आणि बूट वरून चांगले दिसले तरी आतला तळवा दबला की बदला. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढे बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल आणि ते दोन आठवडे विश्रांती घेऊनही जात नसेल, तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. नॅव्हिक्युलरची इजा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआयची गरज आहे का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला कोर्टवर उतरू देऊ नका.